बोथट कडेची थाळी

लातूरला माझ्या थोरल्या बहिणीची मेस आहे. तिथं कणकेच्या पराती, भाताची पातेली आणि दह्याची गाडगी ज्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्यांनी झाकली जात, त्या मुळात थाळ्या नव्हत्या. त्या फेकून खेळायच्या चकत्या होत्या. आमच्या घरात हे कळायला पंचवीसेक वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा हसायला सुरुवात कुणी करायची हा प्रश्न होता.

त्या आल्या भूकंपानंतर. त्या पहाटे आम्हाला नांदेडला कुणीतरी खाट ओढल्यासारखं वाटलं, एवढंच. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या आणि मी मिळेल त्या एसटीनं लातूर गाठलं. अक्काला औसा तालुक्यातल्या एका गावात दिली होती. तिथली घरं दगड-मातीची, वर माळवद, म्हणजे छतावरच हात-दीड हात मातीचा थर. त्या रात्री गणपती बोळवून अक्का, दाजी आणि त्यांची दोन लेकरं उशिरा घरी आली. म्हाताऱ्यांची झोप मोडू नये म्हणून अंगणातच आडवी झाली. त्यामुळे ती चौघं राहिली. सासू-सासरे आत होते.

मी तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. ढिगारे उपसण्याच्या कामात माझा उपयोग नव्हता हे पाहणाऱ्याला लगेच कळे. तेव्हा एका डाळमिलच्या गोदामात मदतीचं सामान उतरत होतं, तिथं मला बसवण्यात आलं. ग्रंथपाल आहे म्हणजे वस्तूंची वर्गवारी करता येत असणार, असा तर्क होता. देश-विदेशातून जे आलं त्यात चादरी, औषधं, दूधपावडर होती, तसे टाय होते, उंच टाचांचे बूट होते, मांजरांच्या खाण्याचे डबे होते. माणसं दुःखी झाली की आपल्याला नको असलेलं सगळं त्यांच्या उपयोगाचं होतं, अशी जगभर समजूत असावी.

एका लाकडी खोक्यात त्या चकत्या निघाल्या. दुधासारख्या पांढऱ्या, वितीपेक्षा थोड्या मोठ्या, हाताला जड. वर अक्षर नाही, चित्र नाही, कंपनीचा छाप नाही. फक्त उलट्या बाजूला शाईनं घाईत लिहिलेला एक आकडा, प्रत्येकीवर थोडा वेगळा. मी उलटसुलट करून पाहिल्या. पालथ्या ठेवल्या तर झाकण, उताण्या ठेवल्या तर उथळ ताट. तहसीलमधून आलेल्या साहेबांनी एक उचलली, टिचकी मारून वाजवली आणि म्हणाले, "थाळ्या आहेत. लिहा." मी लिहिलं. माणसामागे एक, जिथं पुरतील तिथं, अशा त्या वाटल्या गेल्या. लोकांनी घेतल्या आणि त्यात जेवायला सुरुवात केली. भाकरी ठेवायला बऱ्या होत्या. कालवण आतल्या कडेच्या खोबणीत जाऊन बसे आणि ते बोटानं काढावं लागे. परदेशातले लोक फार कोरडं जेवत असतील, असं दाजी म्हणाले.

गाव पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. मी महिन्या-दोन महिन्यांनी नांदेडहून येऊन जात असे. अक्काची मुलगी, माझी भाची, तेव्हा सहा-सात वर्षांची होती. ती थाळी ताट नाही हे गावात फक्त तिला कळलं. तिनं जेवण झाल्यावर ती धुतली, निथळायला म्हणून हवेत हलवली, हात सुटला आणि थाळी गेली. पाण्याच्या टँकरच्या पुढं जाऊन अलगद खाली बसली. मग ते रोजचं झालं. बाकीची पोरं आपापल्या थाळ्या फेकत, पण त्यांच्या सुरुवातीला सुसाट जाऊन शेवटी डावीकडं मुरडत आणि कड जमिनीत रुतवून पडत. तिची सरळ जाई. तिचं म्हणणं असं की हिला सांगितलेलं कळतं. मी शिकलेला मामा. मी तिला सांगितलं की तुझा हात चांगला आहे. दोन्ही खुलासे सारखेच चुकीचे होते.

शेजारच्या शेडमध्ये गावातल्या काकणाच्या दुकानाचं घर राहत होतं. त्या बाईला सगळे भाभी म्हणत. दुकान ढिगाऱ्यात गेलं होतं आणि पदरी मूलबाळ नव्हतं. भाचीची थाळी बहुतेक वेळा भाभीच्या दारात जाऊन पडे आणि ती आणायला गेलेली भाची तिथंच रमे. अक्का हाका मारून थकायची. भाभी आतून ओरडायची, "माझ्याकडं हाय, जेवून राहिली."

पुढच्या पावसाळ्यात भाचीला ताप आला. तो उतरला नाही. लातूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून तिला परत आणावं लागलं. सरकारी व्याख्येप्रमाणे ती भूकंपात गेली नाही. गावच्या स्मारकावर नावं कोरली तेव्हा तिचं नाव त्यात आलं नाही, आणि त्याबद्दल भांडावं एवढी ताकद दाजींत नव्हती. अक्का कुठल्याही वर्षश्राद्धाला त्या दगडासमोर उभी राहिली नाही. तिथं पुढारी भाषण करत असताना ती घरी भांडी घाशी.

नवीन गाव वसलं, पण अक्काचं घर तिथं फार दिवस राहिलं नाही. शेती दिरानं केली. दाजींनी लातूरला एका शाळेच्या मागं दोन खोल्या घेतल्या आणि अक्का बाहेरगावच्या पोरांना डबे देऊ लागली. लातूरला तेव्हा शिकवण्यांचा बहर सुरू झाला होता. आधी एखाद्या सरांच्या ओसरीवर चाललेले वर्ग, मग पत्र्याचे हॉल, मग चार-चार मजली इमारती. नांदेड, परभणी, जळकोट, देगलूर, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन येऊ लागली. चौकाचौकात फलक लागले, त्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो आणि मध्यभागी त्यांच्या दसपट मोठे सर. ज्यांना गुण पडले ते कडेला आणि ज्यांनी शिकवलं ते मधे, ही मांडणी मला आजही उलगडलेली नाही. पण अक्काचे डबे वाढले, त्यांची मेस झाली. दाजी गेले. मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, मेस हातात घेतली.

त्या थाळ्या अक्कासोबत लातूरला आल्या होत्या. एक-दोन नव्हे, बारा-पंधरा होत्या. माणसामागे एक मिळाली असताना तिच्याकडं इतक्या कशा, हे मी कधी विचारलं नाही. त्या झाकण म्हणून वापरात होत्या. आधी राखेनं, मग पावडरीनं, मग हिरव्या घासणीनं इतक्या घासल्या गेल्या की मागचे शाईचे आकडे कधीच पुसून गेले. पांढरा रंग जाऊन जुन्या दातांचा रंग आला. त्यातली एक भाचीची, असं अक्का धरून चालली होती. कुठली ते तिला सांगता येत नव्हतं. म्हणून ती एकही फेकू देत नसे. चिरा पडलेलीसुद्धा.

आमच्याकडं भांडी हरवत नाहीत, कारण भांड्यावर नाव घातलेलं असतं. वाटीपासून हंड्यापर्यंत, दुकानातून घेतलं की लगेच टोचून घ्यायचं. शेजारी गेलेलं भांडं नावानं परत येतं. या थाळ्यांवर नाव घालायचा प्रयत्न शेडमध्ये कुणीतरी केला होता म्हणे, पण छिन्नी घसरली. तेव्हा लोकांनी तो नाद सोडला.

मग मेसजवळच्या एका मोठ्या क्लासच्या सरांना इतिहासाची ओढ लागली. सरांची नवी इमारत तयार होत होती आणि तिच्या तळमजल्यावर भूकंपाचं स्मृतिदालन करायचं ठरलं. ‘ढिगाऱ्यातून शिखराकडं’ असं काहीतरी त्याचं नाव होतं. ढिगाऱ्याच्या बाजूला दाखवायला वस्तू हव्या होत्या. शिखराच्या बाजूला सरांचे विद्यार्थी होते. सरांच्या ऑफिसातलं कुणीतरी मेसमध्ये जेवायला बसलेलं असताना भाच्यानं सहज थाळ्यांची गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की सगळ्या द्या. काचेच्या पेटीत ठेवू. उद्घाटनाला मंत्री येणार होते. भाच्याला नाही म्हणणं अवघड होतं, कारण मेसमध्ये जेवणारी निम्मी पोरं त्याच क्लासची होती. थाळ्या कुठल्या देशातून आल्या, कुणी बनवल्या, अशी माहितीची पट्टी खाली लावायची होती. हे काम साहजिकच माझ्याकडं आलं. मामा निवृत्त आहे आणि त्यानं त्या खोक्यातून काढल्या आहेत.

मी भाच्याकडून फोटो मागवले आणि नांदेडला घरी बसून शोधू लागलो. दोन-तीन दिवस मी ताट, थाळी, कॅन्टीन या दिशेनं गेलो आणि काही सापडलं नाही. मग फोटोतल्या खोबणीच्या कडेवरून एका निराळ्याच ठिकाणी पोचलो. डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे. गोल्फसारखाच, फक्त चेंडूऐवजी चकती फेकायची आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची. आणि जगात अशी माणसं आहेत की जी छाप नसलेली जुनी चकती हातात घेऊन ती कुठल्या साच्यातली ते ओळखण्यात आयुष्य घालवतात. कड बोथट की धारदार, कड किती रुंद, खालच्या काठाला मण्यासारखी बारीक वळी आहे का, माथा फुगीर की सपाट, मधोमध प्लास्टिक ओतल्याची गाठ कशी आहे, आत साच्याची रेघ कुठून जाते, प्लास्टिक नखाला दबतं की नाही, वजन किती. एका चकतीच्या वळीवरून त्यांचा चाललेला वाद मी संध्याकाळभर वाचला. आमच्या विद्यापीठात मान्य झालेले काही प्रबंध मी हाताळले आहेत. त्यांत इतका काटेकोरपणा नव्हता.

मागचा शाईचा आकडा म्हणजे वजन, हेही तिथंच कळलं. आणि छाप नसलेल्या पांढऱ्या चकत्या बहुधा कारखान्यातला शिल्लक किंवा दुय्यम माल असतो, हेही. मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. धारदार कडेची चकती लांब जाते आणि शेवटी एका बाजूला मुरडून खाली आपटते. बोथट कडेची सावकाश जाते, सरळ जाते आणि अलगद बसते. ती जवळच्या नेमाला वापरतात.

मी फोनवर अक्काला हे सांगितलं. मला वाटलं, ताट नव्हतं म्हणून तिला वाईट वाटेल. तिनं विचारलं, "त्यातली तिची कोंची, ते सांगता येतंय का?"

मी म्हणालो, येईल कदाचित.

"मंग तू ये. त्यायला देण्याआधी मला ती काढून ठिवायची हाय. बाकीच्या न्या म्हनावं मंत्र्याला दाखवायला."

मी दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो. अक्कानं सगळ्या थाळ्या धुऊन, पुसून, ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या. त्या दिवशी मेसमधल्या पातेल्यांवर ताटं उपडी घातलेली होती. मी एकेक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवू लागलो. पहिली धारदार निघाली. दुसरीही. मी मधली गाठ पाहिली, आतली रेघ पाहिली, भाच्याकडून वाण्याचा काटा मागवून वजनं करून पाहिली. अक्का समोर स्टुलावर बसून माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना नातेवाईक जसे बघतात तसं, आणि मला त्याचा त्रास होऊ लागला. शेवटची थाळी खाली ठेवली तेव्हा मी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

"सगळ्या एकाच जातीच्या आहेत," मी म्हणालो. "धारेच्या. तिच्यासारखी यात एकही दिसत नाही."

"तू नुसतं हात लावून बगितलास," अक्का म्हणाली. "टाकून बगू."

क्लासच्या मागं गाड्या लावायचं मैदान आहे. सकाळचे वर्ग सुरू असल्यामुळं एका बाजूला गाड्यांची रांग आणि बाकी मोकळं होतं. भाच्यानं वॉचमनला काहीतरी समजावलं आणि तो स्वतः लांब जाऊन फोनवर बोलल्यासारखं करत उभा राहिला. इमारतीवरच्या फलकातून सर आमच्याकडं बोट करून प्रेरणा देत होते. मी पहिली चकती फेकली. ती दहा पावलांवर उभी राहून घरंगळत गेली. दुसरी मोटारसायकलींच्या दिशेनं गेली. अक्का म्हणाली, "आण इकडं." तिनं पदर खोचला, चकती अंगाजवळ घेतली आणि भाकरी तव्यावर टाकतात तशी मनगटानं सोडली. इतकी चांगली गेली की वॉचमन स्टुलावरून उठला. गेली, गेली, आणि टोकाला डावीकडं मुरडून कडेवर आपटली.

"न्हाई," अक्का म्हणाली.

एकेक करत तिनं सगळ्या फेकल्या. मी आणून देत होतो. प्रत्येक वेळी तेच. तिनं शेवटची फेकली आणि ती जाऊन पडेपर्यंतही पाहिलं नाही.

"हिची अशी पडत नव्हती," ती म्हणाली. "बसायची."

आम्ही मैदानाच्या कठड्यावर बसलो. ऊन चढू लागलं होतं. मी तिला विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. तुझ्याकडं इतक्या थाळ्या आल्या कशा?

तिनं जे सांगितलं त्यात मला नवीन काही नव्हतं, फक्त मी कधी एकत्र करून पाहिलं नव्हतं. मूल गेल्यावर त्यांच्या शेडमध्ये चूल पेटली नाही. शेजारपाजाऱ्यांनी जेवण आणून दिलं. कुणी भाकरी-पिठलं, कुणी भात. शेडमध्ये भांडी कुणाकडं होती? सगळ्यांनी त्या पांढऱ्या थाळ्यांतूनच आणलं. आणि आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर धान्य, गुळाचा खडा, काही ना काही वर ठेवून द्यायचं. अक्का तेव्हा उठत नव्हती. तिची जाऊ परगावाहून आली होती, तिनं जमेल तेवढ्या थाळ्या काही ना काही ठेवून परत केल्या. गूळ संपला, ज्वारी संपली. उरलेल्या रिकाम्या कशा द्यायच्या म्हणून राहू दिल्या. पुढं देऊ म्हणता म्हणता गाव पांगलं. नाव कुठल्याच थाळीवर नव्हतं. जावेला भाचीची कुठली आणि लोकांची कुठली हे कळायचं कारण नव्हतं. ती जाऊही आता नाही.

अक्कानं मैदानात विखुरलेल्या थाळ्यांकडं पाहिलं.

"म्हंजी ह्या समद्या लोकाच्या हायत," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी लोकाच्या थाळ्या जपून राहिले."

भाचा जवळ आला होता. ती त्याला म्हणाली की सरांना सांग, देता येत नाहीत, दुसऱ्यांच्या आहेत. भाचा म्हणाला, आता इतक्या वर्षांनी कोण मागतंय? ती म्हणाली, मंत्र्यापेक्षा ज्यांच्या आहेत त्यांनी मागितलं तर जास्त बरं. हे सरांना कसं समजावायचं या काळजीत भाचा दोन दिवस होता, पण सर रागावले नाहीत. रागवायला त्यांना वेळ नव्हता. दालनाचं उद्घाटन ठरल्या मुहूर्ताला झालं आणि काचेच्या पेटीत बाजारातून आणलेलं एक स्टीलचं ताट ठेवण्यात आलं, थोडं ठोकून, पोचे पाडून. खाली पट्टी होती: भूकंपग्रस्तांच्या वापरातील ताट. मी ती वाचली. ताट होतं एवढं खरं होतं.

त्या दिवशी मैदानातून परत आल्यावर अक्कानं चहा केला आणि न पिता ठेवला. मग म्हणाली की जवळचं घर भाभीचं. तिनंच सगळ्यात आधी जेवण आणलं होतं. तिची थाळी सगळ्यात आधी परत गेली असणार. पोरीची चुकून गेली असेल तर तिच्याकडंच.

"जाऊ या," ती म्हणाली. "असंल तर मागून आणू. माझ्या लेकराची हाय."

भाभी नव्या गावात राहत होती. भूकंपानंतर वसवलेली ती गावं लांबून एखाद्या वहीच्या रेघांसारखी दिसतात. सरळ रस्ते, सारखी घरं, आणि त्यात लोकांनी हळूहळू घातलेले गोठे, ओटे, बाभळी. औशाहून ऑटो करून आम्ही पोचलो. भाभीचा नवरा गेला होता, पुतण्याच्या कुटुंबासोबत ती राहत होती. दिसणं कमी झालं होतं. अक्काच्या आवाजावरून तिनं ओळखलं आणि दारातच तिचा हात धरला.

"अगे अक्का. मैदानात खेळून आल्यासारख्या तुमी. इतका दम लागला?"

अक्का म्हणाली, मैदानातूनच आले म्हण. दोघी हसल्या. मग कोण कोण गेलं याची उजळणी झाली, कुणाची सून कशी आहे हे झालं. पुतण्याच्या मुलीनं पाणी आणलं. अक्काचं लक्ष बोलण्यात नव्हतं. तिची नजर भिंतीच्या फळीवर होती, आणि मीही तिथंच पाहत होतो. फळीवर पितळी तांबे, चिनी मातीच्या बशा, आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकवून उभी केलेली एक पांढरी थाळी. खरोखर पांढरी. आमच्यासारखी पिवळी पडलेली नाही.

मी विचारलं, पाहू का? भाभी म्हणाली, पाहा ना. मी ती उतरवली. कडेवरून अंगठा फिरवला. कड जाड होती, गोल होती, बोटाला कुठंही टोचत नव्हती. माथा जवळजवळ सपाट. उलटून पाहिलं तर मागं शाईचा आकडा होता, फिका पण पूर्ण वाचता येणारा. गोदामातल्या खोक्यानंतर मी तो आकडा पहिल्यांदाच पाहत होतो. अक्का माझ्याकडं बघत होती. मी मान डोलावली.

अक्कानं हात पुढं केला आणि मी थाळी तिच्या हातात दिली. ती मांडीवर घेऊन अक्का बसली. पोटाशी धरली नाही, काही नाही. नुसती मांडीवर ठेवली. मला वाटलं आता ती मागेल. कसं मागायचं हे आम्ही ऑटोत ठरवलं होतं. मी सुरुवात करायची, भूकंपाच्या वस्तूंची माहिती गोळा करतोय वगैरे, आणि मग तिनं सांगायचं.

पण भाभीच आधी बोलली. तिला अक्काच्या मांडीवर काय आहे ते नीट दिसत नव्हतं, पण कळलं होतं.

"बच्चीची हाय ती," भाभी म्हणाली. "तुमच्या जाऊबाईनं आणून दिली, वर गूळ ठिवून. मी माझी थाळी दिली होती, आली ही. मी बघताच वळखली. माझ्या दारात किती डाव पडली आसंल, मी नाही वळखणार? म्हनलं, अक्कानं मुद्दाम पाठवली. माझ्याकडंच आसायची ना ती सारखी. म्हनून मी हिच्यात कधी खाल्लं नाही, कुणाला खाऊ दिलं नाही. पुतण्याची पोरं मागत्यात खेळायला. मी म्हंते नक्को. ती काय खेळायची चीज हाय का?"

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर जात होता, तो जाईपर्यंत भाभी थांबली.

"तुमीच पाठवली होती ना, अक्का?"

तिनं ते सहज विचारलं नव्हतं. मान पुढं काढून, कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी अक्काचा चेहरा शोधत विचारलं होतं. इतक्या वर्षांत तिला विचारायचं राहून गेलं होतं, किंवा विचारायची भीती वाटली होती.

अक्कानं थाळीच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. पूर्ण गोल.

"हाव," ती म्हणाली. "मीच म्हनले होते. भाभीला द्या म्हनून."

भाभीनं पदरानं तोंड पुसलं आणि पुतण्याच्या मुलीला चहा ठेवायला सांगितलं. नुसता नाही, दुधाचा. चहा पिऊन होईपर्यंत थाळी अक्काच्या मांडीवरच होती. भाभी एकदा म्हणाली की न्यायची आसंल तर न्या, मी आता किती दिवसाची. अक्का म्हणाली, दिलेलं कुणी माघारी न्यायला येतंय व्हय? निघताना तिनं स्वतः उठून ती फळीवर ठेवली. तांब्याच्या मागं नाही, पुढं.

ऑटोत मला माझ्या ज्ञानाची खात्री द्यावीशी वाटत होती, आणि तशी देता येत नव्हती. कड, माथा, प्लास्टिक, आकडा. यावरून चकतीची जात सांगता येते. ती कुणाच्या हातातली हे सांगायची रीत त्या वाद घालणाऱ्या लोकांकडंही नव्हती. मी तेवढंच तिला सांगितलं. जात तीच आहे, पुढचं मला सांगता येणार नाही. तिनं ऐकून घेतलं. तिला त्याची गरज नसावी.

औसा जवळ आल्यावर मी म्हणालो, की खरं सांगून मागितली असती तर भाभीनं दिली असती.

"दिली आसती," अक्का म्हणाली. "अन् मंग मी ती कुठं ठिवली आसती? भाताच्या पातेल्यावर?"

ती रस्त्याकडं बघू लागली. थोड्या वेळानं, मला उद्देशून नाही अशा आवाजात, म्हणाली, "तिच्यात कुणी जेवलं न्हाई म्हनं."